खुडूक कोंबडीखालची शेवटच्या दिवसांतली अंडी : केव्हा तपासावीत, कशी तपासावीत आणि कोणती काढावीत

कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते हे सगळ्यांना पाठ असते. घोटाळा होतो तो पहिला दिवस कोणता धरायचा यात. अंडे घातल्यानंतर त्यातल्या जीवाची वाढ थांबलेली असते आणि कोंबडीची ऊब सलग मिळू लागली की ती पुन्हा सुरू होते. म्हणून मोजणी अंडे घातल्याच्या दिवसापासून करायची नसते. कोंबडी ज्या दिवसापासून रात्रीसुद्धा अंड्यांवरून हलेनाशी झाली, त्या दिवसापासून करायची असते. ती १ तारखेच्या संध्याकाळी पक्की बसली असेल, तर २ तारखेच्या संध्याकाळी एक दिवस पुरा होतो आणि २२ तारखेच्या संध्याकाळी २१ दिवस भरतात. पहिल्यांदाच खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागलेली, तलंग (तरुण कोंबडी) पुष्कळदा एक-दोन दिवस नुसती दुपारी बसते आणि रात्री नेहमीच्या जागी झोपायला जाते. ते दिवस हिशेबात धरले की पुढे सगळे गणित चुकते आणि १९व्या दिवसाची धडधाकट अंडी ‘मुदत उलटली’ म्हणून फेकली जातात. लहान चणीच्या जातींची पिल्ले एखादा दिवस आधी निघू शकतात, तर बसवण्यापूर्वी आठवड्याहून जास्त साठवून ठेवलेली अंडी काही तास मागे राहतात. कोंबडीखाली दुसऱ्या पक्ष्यांची अंडी ठेवली असतील तर मुदत त्यांची धरावी: बदक आणि टर्की २८ दिवस, मस्कोव्ही बदक ३५ दिवस, गिनी कोंबडी २६ ते २८ दिवस, जपानी लाव्ही १७ ते १८ दिवस. पुढे दिलेले सगळे दिवस कोंबडीच्या अंड्यांचे आहेत.

दुसरा घोटाळा इतर कोंबड्या करतात. खुडूक कोंबडी जरा दाणे टिपायला उठली की दुसरी कोंबडी तिच्या जागेवर जाऊन अंडे घालते आणि आठवड्याभरात घरट्यात तीन वेगवेगळ्या वयांची अंडी एकत्र होतात. हे टाळण्यासाठी बसवतानाच प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने खूण करावी. ती नुसता ठिपका किंवा आकडा नसावी, तर अंड्याच्या पोटाभोवती पूर्ण फिरणारी रेघ असावी, म्हणजे अंडे कसेही पडलेले असले तरी ते न फिरवता रेघ दिसते आणि बिनरेघेचे अंडे त्याच दिवशी उचलता येते. खूण केलेली नसेल आणि वये मिसळली असतील, तर पुढे सांगितलेली तपासणी अधिकच महत्त्वाची ठरते, कारण मग तारीख कोणत्याच अंड्याबद्दल खात्रीने काही सांगत नाही.

अंड्याच्या आत काय चाललेले असते

शेवटच्या तीन दिवसांत काय पाहायचे हे कळायला आत काय घडते ते माहीत असावे लागते. १८व्या दिवसापर्यंत पिल्लाने जाड टोकाकडची हवेची पोकळी सोडून जवळजवळ सगळे अंडे व्यापलेले असते. त्याची मान वाकलेली असते, डोके उजव्या पंखाखाली असते आणि चोच पोकळीच्या दिशेने असते. इथवर त्याला लागणारा प्राणवायू कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून आणि कवचाला आतून लागून असलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून मिळतो. पण पिल्लू मोठे झाले की तो पुरा पडत नाही. मग १९व्या-२०व्या दिवशी ते चोचीने आतला पापुद्रा फाडून पोकळीत चोच खुपसते आणि पहिल्यांदा फुप्फुसांनी श्वास घेते. अंड्यातून चिवचिव ऐकू येऊ लागते ती याच वेळी. पोकळीतली हवाही लवकरच अपुरी होते, कर्बवायू साठतो, मानेचे स्नायू आचके देऊ लागतात आणि चोचीच्या टोकावरचा टणक कण, ज्याला अंडदंत म्हणतात, तो कवचावर आतून आपटतो. बाहेर जी पहिली तारकेसारखी भेग दिसते ती या आपटण्याची. या लेखात तिला ‘टोच’ म्हटले आहे.

टोच पडली म्हणजे आता तासाभरात पिल्लू बाहेर येणार, अशी समजूत असते आणि बहुतेक चुका या समजुतीतूनच होतात. टोच पडल्यावर पिल्लू १२ ते २४ तास वरवर पाहता काहीच करत नाही. या काळात कवचालगतच्या वाहिन्यांमधले रक्त त्याच्या अंगात परत जात असते आणि उरलेला पिवळा बलक बेंबीवाटे पोटात ओढला जात असतो. हा बलकच त्याला जन्मानंतरचे दोन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून जगवतो. हे काम उरकले की ते अंड्यात गोल फिरत, जाड टोकाच्या भोवती कवच कापत जाते आणि शेवटी ती ‘टोपी’ ढकलून बाहेर पडते. टोपी कापायला कोणाला अर्धा-पाऊण तास लागतो, तर कोणाला काही तास.

कोंबडीखाली हात घालताना

१८व्या दिवसापासून तपासणी कमी करावी. रोज एकदा पुरते आणि टोच पडू लागल्यावर अंडी उचलायचीच नसतात, नुसते पाहायचे असते. उत्तम वेळ दोनच. एक, कोंबडी दिवसातून एकदा खायला, पाणी प्यायला आणि ती सुप्रसिद्ध भलीमोठी विष्ठा टाकायला १५ ते ३० मिनिटे उठते तेव्हा. आणि दुसरी, रात्री मंद उजेडात, ती सुस्त असताना. मात्र शेवटचे दोन दिवस ती बहुधा उठतच नाही, कारण अंड्यातले आवाज तिला ऐकू येऊ लागलेले असतात आणि तीही त्यांना हलक्या घोगऱ्या स्वरात उत्तर देत असते. तेव्हा तिला उठवण्याचा आग्रह धरू नये. उथळ भांड्यात पाणी आणि थोडे दाणे तिच्या चोचीला पोहोचतील असे ठेवावेत. पाण्यात खडे टाकले म्हणजे नुकतेच निघालेले पिल्लू त्यात बुडत नाही.

हात घालण्यापूर्वी धुऊन कोरडे आणि कोमट करावेत, कारण गार हात पोटाला लागला की कोंबडी दचकून उठते आणि पायाखाली अंडे चिरडते. हात समोरून, खालून, तळवा वर ठेवून सरकवावा. ती टोचेल, तर तिला हाताची पाठ टोचू द्यावी. कोंबडीला उचलायची वेळ आलीच तर आधी दोन्ही पंखांखाली बोटे फिरवून पाहावे. अंडे किंवा ओले पिल्लू पंख आणि बरगड्यांच्या बेचक्यात अडकलेले असते आणि ती झटक्यात उचलली की ते दोन फुटांवरून खाली पडते. शेजारी भुसा किंवा सुके गवत घातलेली टोपली तयार ठेवावी. अंडे बाहेर ठेवायची वेळ पाच मिनिटांच्या आत असावी आणि परत ठेवताना अंड्याचे जाड टोक किंचित वर राहील असे ठेवावे. कोंबडी पुढे तिच्या मनाप्रमाणे ते फिरवतेच.

रात्री हात घातला आणि कोंबडी अंड्यांवर बसण्याऐवजी त्यांच्या शेजारी उभी दिसली, तर अंड्यांचा विचार करण्याआधी घरट्याच्या फटींत बॅटरी मारावी. तिथे तांबड्या बारीक किड्यांची रांग दिसली, तर कोंबडी अंगावर चढणाऱ्या त्या किड्यांमुळे उठली आहे आणि फुटायच्या तोंडावर असलेल्या अंड्यांपेक्षा घरट्यातला भुसा बदलणे अधिक तातडीचे आहे.

उजेडावर धरून पाहणे

१८व्या किंवा १९व्या दिवशी, टोच पडण्याच्या आत, एकदा सगळी अंडी उजेडावर धरून पाहावीत. ही शेवटची मोठी तपासणी. अंधाऱ्या खोलीत छोट्या पण प्रखर बॅटरीवर भोक पाडलेला पुठ्ठा धरावा, त्या भोकावर अंड्याचे जाड टोक टेकवावे आणि अंडे अलगद तिरपे करत पाहावे. भोक अंड्याच्या टोकापेक्षा लहान असावे, नाही तर उजेड कडेने निसटतो आणि काहीच दिसत नाही. गडद तपकिरी कवचातून फारसे दिसत नाही हे आधीच मान्य करावे. तिथे वजन, कान आणि नाक यांवरच भिस्त ठेवावी लागते.

जिवंत, वाढ पूर्ण झालेले अंडे आत काळेभोर दिसते. फक्त जाड टोकाला हवेची पोकळी स्वच्छ उजळते. ती या वेळेपर्यंत अंड्याच्या पाव ते एक तृतीयांश भागाएवढी झालेली असते आणि एका बाजूला खाली उतरलेली, तिरपी असते. पोकळीच्या कडेला लालसर वाहिन्यांचे धागे दिसतात आणि कड रेखीव असते. पोकळीत चोचीची सावली आत-बाहेर होताना दिसली, तर पिल्लू आतल्या पापुद्र्यातून पोकळीत आलेले आहे आणि आता त्या अंड्याला हात लावायचा नाही.

आरपार स्वच्छ उजेड देणारे अंडे फळलेलेच नसते किंवा अगदी सुरुवातीला मेलेले असते. ज्यात तांबूस कडे दिसते ते पहिल्या आठवड्यात मेलेले असते. ही दोन्ही लगेच काढावीत, कारण ती उबेची जागा अडवतात आणि नासून फुटली तर शेजारच्या अंड्यांना घाण लावतात. अवघड असतो तो तिसरा प्रकार: अंडे गडद आहे, पण वाहिन्या दिसत नाहीत, पोकळीची कड पुसट आहे, आतला गडदपणा घट्ट न वाटता पातळ, गढूळ, हलणारा वाटतो. असे अंडे बहुधा शेवटच्या आठवड्यात मेलेले असते. ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. एकदा मी दोन रात्री सलग पाहून, हालचाल नाही म्हणून १९व्या दिवसाचे एक अंडे मेलेले ठरवले आणि कारण शोधायला जाड टोकाकडून फोडले. आतल्या पापुद्र्यावर वाहिन्या लाल, भरलेल्या होत्या आणि त्याखाली छाती मंद लयीत वर-खाली होत होती. पिल्लू झोपलेले असावे. ते वाचले नाही. तेव्हापासून एकच खूण पाहून मी असे कोणतेही गडद अंडे काढत नाही. किमान दोन वेगवेगळ्या खुणा एकच गोष्ट सांगतील, तेव्हाच अंडे बाजूला ठेवतो. याला अपवाद फक्त वासाचा.

वास, आवाज, स्पर्श आणि वजन

नासके अंडे डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. प्रत्येक अंडे हातात घेतल्यावर ते न हलवता नाकाशी न्यावे. नासलेल्या अंड्याला गंधकाचा वास येतो, कवचावर घामासारखे चिकट थेंब येतात किंवा राखाडी-निळसर डाग दिसतात. असे अंडे आतल्या वायूच्या दाबाने फुटू शकते आणि फुटले तर कोंबडीची पिसे आणि बाकीची अंडी जंतूंनी माखतात. ते दोन हातांनी, धक्का न लावता उचलावे, जाड पिशवीत ठेवावे आणि लांब नेऊन खोल पुरावे. ते फोडून आत काय आहे हे पाहण्याचा मोह टाळावा. त्यात शिकण्यासारखे फारसे काही नसते आणि कपड्यांचा वास दोन दिवस जात नाही.

२०व्या दिवसानंतर अंडे कानाशी धरून काही सेकंद स्थिर राहावे. चिवचिव, बारीक टकटक किंवा कवचावर नख हळूच टिचकावल्यावर येणारे उत्तर ऐकू आले, तर प्रश्नच मिटला. आवाज नसणे मात्र काहीच सिद्ध करत नाही, कारण पिल्लू विश्रांती घेत असते तेव्हा गप्पच असते. स्पर्शाचेही तसेच. शेवटच्या दिवसांत पिल्लू स्वतः उष्णता निर्माण करते, त्यामुळे कोंबडी उठल्यावर जिवंत अंडे शेजारच्या वांझ अंड्यापेक्षा जास्त वेळ कोमट राहते. सगळी अंडी एकत्र गार होत असताना जे सर्वांत आधी गार पडते त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढावे. पण कोंबडी घाबरून उठून गेली आणि अंडी काही तास गार पडली, म्हणून ती सगळी फेकू नयेत. या वयाचे पिल्लू काही तासांचा गारठा सोसू शकते आणि नंतर उशिरा का होईना, निघते. अंडी पुन्हा उबेत ठेवून निदान दोन दिवस वाट पाहावी.

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा असेल, तर तो या कामात फार उपयोगी पडतो. अंड्यातले पाणी कवचातून हळूहळू उडून जाते; ६० ग्रॅमचे अंडे १८ दिवसांत साधारण ७ ते ८ ग्रॅमने हलके होते. बसवताना वजन लिहून ठेवले असेल, तर ज्याच्या वजनात फारच थोडी घट झाली आहे त्याची पोकळी लहान राहिली आहे आणि पिल्लाला पोकळीत श्वास घ्यायला जागा कमी पडेल हे आधीच कळते. कोंबडीखाली ओलाव्याची वेगळी काळजी सहसा घ्यावी लागत नाही आणि अंड्यांवर पाणी शिंपडू नये. हवा फार कोरडी असेल, तर घरट्याखालची माती किंवा विटा ओलसर केल्या तरी पुरे.

पाण्यात टाकून पाहण्याबद्दल थोडे सांगावे लागेल, कारण हा उपाय फार लोकप्रिय आहे. अंगाच्या उबेएवढ्या, म्हणजे ३७ ते ३८ अंश सेल्सिअस कोमट पाण्यात अंडे सोडून ते स्थिर झाल्यावर पाहायचे. जिवंत पिल्लाचे अंडे तरंगते आणि आपोआप डुचमळते, त्याभोवती पाण्यावर बारीक वर्तुळे उठतात. बुडणारे अंडे बहुधा वाढलेलेच नसते, तर फार वर तरंगणारे आणि अजिबात न हलणारे अंडे मेलेले असण्याची शक्यता जास्त असते. पण पाणी कवचावरचा नैसर्गिक संरक्षक थर कमी करते आणि छिद्रांतून जंतू आत नेऊ शकते, शिवाय न दिसलेली केसाएवढी भेग असेल तर पिल्लू गुदमरते. म्हणून माझ्या मते हा उपाय २३व्या दिवशी, इतर सगळ्या खुणा अनिर्णित राहिल्यावर, अर्धा-एक मिनिटापुरता करावा, आणि टोच पडलेले अंडे कधीही पाण्यात टाकू नये.

टोच पडल्यानंतर

पहिली टोच दिसली की वेळ लिहून ठेवावी. घड्याळ हे या टप्प्यावरचे सर्वांत उपयुक्त साधन आहे, कारण मनाला तीन तास बारा तासांसारखे वाटतात. कोंबडी त्रासत नसेल तर दिवसातून दोनदा, तिच्या पोटाखालची पिसे बाजूला करून फक्त चार गोष्टी पाहाव्यात.

टोच वरच्या किंवा बाजूच्या दिशेला आहे का? ती अगदी खाली, भुशात दबली असेल, तर अंडे पाव वळण फिरवून टोच मोकळ्या हवेकडे करावी. रिकामे कवच दुसऱ्या अंड्यावर टोपीसारखे चढले आहे का? एका पिल्लाने टाकलेले अर्धे कवच सरकत जाऊन दुसऱ्या, टोच पडलेल्या अंड्यावर अगदी चपखल बसते आणि आतले पिल्लू दुहेरी भिंतीमागे अडकून मरते. हे पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही. कोंबडी पुष्कळदा रिकामी कवचे बाहेर टाकते किंवा खाते, तरी दिसतील ती काढावीत. एखादे अंडे फुटून त्याचा बलक शेजारच्यांना लागला आहे का? लागला असेल, तर अंड्यापेक्षा किंचित जास्त कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने तेवढाच डाग टिपावा. चोळू नये, आणि टोचेजवळ फडके नेऊ नये. आणि चौथी गोष्ट, निघालेले पहिले पिल्लू कोंबडीने स्वीकारले आहे का? पहिलटकरीण कोंबडी कधी कधी ओल्या, हलणाऱ्या पिल्लाला टोचते. पिल्लाच्या डोक्यावर रक्त दिसले किंवा ते वारंवार बाहेर ढकललेले सापडले, तर ते उबदार पेटीत ठेवून, सुकल्यावर रात्री अंधारात पुन्हा तिच्याखाली सरकवावे.

मदत केव्हा करावी

बहुतेक वेळा करू नये. मदत केलेल्या पिल्लांपैकी जी मरतात त्यांतली पुष्कळशी घाईमुळे मरतात, कारण कवचालगतच्या वाहिन्यांत अजून रक्त असते किंवा बलक पूर्ण आत गेलेला नसतो. पण मदत कधीच करू नये, हेही मला पटत नाही. चुकीच्या बाजूला वळलेले किंवा पापुद्र्यात चिकटलेले पिल्लू आपण काही केले नाही तर नक्कीच मरणार असते.

बाहेरून टोच पडून पूर्ण २४ तास उलटले, भेग वाढली नाही आणि आवाज क्षीण होत चालला, तरच अंडे बाहेर काढावे. आधी भोकातून दिसणारा पापुद्रा पाहावा. तो पांढरा आणि मऊ असेल आणि पिल्लू चोच हलवत असेल, तर आणखी काही तास थांबावे. तो पिवळसर-तपकिरी, चामड्यासारखा कडक होऊन पिसांना चिकटला असेल, तर पिल्लाला फिरता येत नाही आणि मदतीची गरज आहे. अंड्याच्या जाड टोकाकडचे, म्हणजे फक्त हवेच्या पोकळीवरचे कवच बोटाच्या नखाने मुगाएवढ्या तुकड्यांनी काढत जावे. मग उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवून पिळलेला कापूस आतल्या पापुद्र्याला लावावा. नाकपुड्यांजवळ थेंब जाऊ देऊ नये. ओला झाल्यावर पापुद्रा पारदर्शक होतो आणि त्यातल्या वाहिन्या स्पष्ट दिसतात. लाल धागे दिसले, तर तिथेच थांबावे, अंडे उबेत परत ठेवावे आणि तीन-चार तासांनी पुन्हा पाहावे. धागे रिकामे, फिकट झाले असतील, तर चोचीपासून मागच्या दिशेने पापुद्रा थोडा थोडा सोडवावा. रक्ताचा एक थेंब जरी आला, तरी स्वच्छ फडक्याचे टोक हलके दाबून धरावे आणि त्या दिवसापुरते काम बंद करावे. डोके मोकळे झाले की मदत संपली. खालचा अर्धा भाग पिल्लाने स्वतः ढकलून बाहेर यायचे असते, म्हणजे बेंबीशी उरलेसुरले जोडलेले आपण ओढून तोडत नाही.

पिल्लू पोकळीत येऊन, म्हणजे चिवचिव ऐकू येऊन, २४ तासांहून जास्त झाले आणि बाहेर टोच पडलीच नाही, तर वेगळा उपाय आहे. उजेडावर धरून पोकळीची कड पेन्सिलीने आखावी आणि चोचीच्या सावलीपासून दूर, जाड टोकाच्या अगदी माथ्यावर, उकळून घेतलेल्या जाड सुईचे टोक हळूहळू गोल फिरवत दोन-तीन मिलिमीटरचे एकच भोक पाडावे. हे भोक श्वासापुरते असते. त्यामुळे पिल्लाला आणखी एक दिवस मिळतो.

निमुळत्या टोकाला टोच पडलेली दिसली की पिल्लू उलटे आहे हे समजावे. तिथे हवेची पोकळी नसते, कवचाखाली लगेच वाहिन्या असतात, म्हणून अशा अंड्याचे कवच सोलायला जाऊ नये. भोक मोकळे ठेवून नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबावे. अशी पुष्कळ पिल्ले आपली आपण निघतात. मदत केलेले कोणतेही अंडे शक्य असल्यास लहान उबवणी यंत्रात ठेवावे, कारण कोंबडीच्या वजनाने उघडा भाग दबतो. यंत्र नसेल तर ते भोक वर करून तिच्या छातीखाली, कडेला ठेवावे.

२२वा आणि २३वा दिवस

आता खरा निर्णय येतो आणि तो कोंबडी आपल्याआधी घेऊ शकते. पहिली पिल्ले निघाल्यावर साधारण २४ ते ४८ तासांत ती त्यांना घेऊन घरट्याबाहेर पडते आणि उरलेली अंडी, त्यांत टोच पडलेली असली तरी, मागे सोडते. म्हणून पहिले पिल्लू निघाल्याची वेळही लिहून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेल्या अंड्यांचा हिशेब करावा. ज्यांतून आवाज येतो किंवा ज्यांत चोचीची सावली हलते, ती कोंबडी उठली तर लगेच यंत्रात किंवा दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली न्यावीत. दोन्ही नसेल, तर सुकलेली पिल्ले एका दिवसापुरती साधारण ३५ अंशांच्या उबदार पेटीत ठेवून कोंबडीला उरलेल्या अंड्यांवर बसू द्यावे आणि रात्री पिल्ले परत द्यावीत. पोटातल्या बलकामुळे त्यांना त्या दिवशी दाण्यांची गरज नसते. मात्र सगळी पिल्ले एकदम काढू नयेत, एखादे तिच्याखाली राहू द्यावे, नाही तर आवाज बंद झाल्यामुळे काही कोंबड्या घरटेच सोडतात.

आवाज नाही, हालचाल नाही, वाहिन्या नाहीत आणि अंडे इतरांपेक्षा आधी गार पडते, अशा खुणा जुळल्या आणि पक्क्या मोजणीने २३ दिवस पूर्ण झाले, की ते अंडे काढावे. मोजणीबद्दल शंका असेल किंवा अंडी मध्ये गार पडली असतील, तर २४ किंवा २५ दिवस थांबावे. कोंबडीला मात्र त्यापुढे रिकाम्या आशेवर बसवून ठेवू नये. ती या काळात फार थोडे खाते आणि तिचे वजन झपाट्याने उतरते.

काढलेली, वास नसलेली अंडी बाहेर उघड्यावर, हातमोजे घालून, जाड टोकाकडून फोडून पाहावीत. इथेही पहिला तुकडा फक्त पोकळीवरचा काढावा आणि पापुद्र्यावर लाल वाहिन्या नाहीत याची खात्री करूनच पुढे जावे. आत नुसता पांढरा आणि बलक असेल, तर अंडे फळलेच नव्हते आणि कोंबड्यावर किंवा साठवणीच्या दिवसांवर नजर ठेवावी लागेल. पूर्ण वाढलेले पिल्लू, डोके निमुळत्या टोकाकडे किंवा डाव्या पंखाखाली, असे दिसले तर ते उलटे बसल्यामुळे गेले. पिल्लू ओलेगच्च, आजूबाजूला पाणी आणि पोकळी अगदी लहान असेल, तर अंड्यातले पाणी पुरेसे उडाले नव्हते. पापुद्रा कडक होऊन पिसांना चिकटला असेल, तर उलट, ते जास्त उडाले होते किंवा टोच पडल्यावर कोणी तरी वारंवार कोंबडी उठवत होते. प्रत्येक अंड्याचा क्रमांक, बसवतानाचे वजन आणि आत जे दिसले ते एकाच ओळीत लिहावे. मग कवचे आणि जुना भुसा पुरून टाकावा, हात साबणाने धुवावेत आणि कोंबडी परत यायच्या आत घरट्यात कोरडा भुसा पसरावा, कारण पहिल्या काही रात्री ती पिल्लांना घेऊन बहुधा त्याच जागी झोपायला येते.